कासवाला सिनेमा, माकुडीला कुंडी

आपल्या मंडळाच्या पर्यावरण विशेषांकाचं मुखपृष्ठ ठरवायला आम्ही अकरा जण लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसलो होतो. दोन चित्रं टेबलावर होती. एकात ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू, ओल्या वाळूत, समोर पांढरी लाट. दुसऱ्यात एका कड्याला चिकटलेली मांसल पानांची वेल आणि तिच्यावर किरमिजी रंगाचं, जेमतेम दोन सेंटिमीटरचं फूल. मतदान झालं. कासव नऊ, फूल दोन. फुलाला मत देणारी एक मी आणि दुसरा बॉटनीचा एक मुलगा, जो खरं तर समोसे मिळतील म्हणून आला होता.

हरल्याचं दुःख नाही. कॉलेजच्या निवडणुकीत याहून वाईट हरले आहे. पण मतदानाआधी जी चर्चा झाली, ती डोक्यातून जाईना. एक जण म्हणाली, "अगं, पिल्लाला डोळे आहेत. फुलाकडे बघून काय वाटणार?" दुसरा म्हणाला, "नाव तरी बघ. शिंदळ माकुडी! हे मुखपृष्ठावर छापायचं?" यावर सगळे हसले, मीही हसले. शिंदळ ही आपल्याकडे बाईला घालायची शिवी आहे, आणि आमच्या बाईंनीही ते नाव वाचताना जरा घसा साफ करून घेतला. एकीकडे विष्णूचा दुसरा अवतार, देवळात गाभाऱ्यासमोर दगडात कोरलेला. दुसरीकडे ही, जिच्या नावातच बदनामी. सामना सुरू व्हायच्या आधीच संपलेला होता.

तर हा लेख त्या हरलेल्या बाजूचा समजा. पण कासवाच्या विरोधात मी लिहू शकत नाही, कारण मी त्याच्याच गावची आहे.

मोरजीला, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे तेंब नावाची वाळूची जीभ आहे. तिथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, रात्रीच्या वेळी, कासवाच्या माद्या वर येतात. नर येत नाही. एकदा पिल्लू म्हणून पाण्यात शिरला की तो सहसा पुन्हा जमिनीवर पाय ठेवत नाही. मादी साधारण चाळीसेक किलोची, पाठ दोन फुटांच्या आसपास. मागच्या वल्ह्यांनी ती हातभर खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थोपटून सपाट करते आणि परत जाते. पिल्लांशी तिचा संबंध तेवढाच. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात तेव्हा ती शेकडो मैल दूर असते. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, ते बघून पर्यटक हळवे होतात. ते अश्रू नव्हेत. अंगातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी डोळ्यांपाशी असतात, त्यांचं पाणी ते. पण हे सांगितलं की लोकांना राग येतो, म्हणून मी हल्ली सांगत नाही.

माझी शामाय, म्हणजे आजी, लहानपणी ही अंडी खायची. हे ती लपवत नाही. काठी वाळूत खुपसायची, ओली लागली की तिथे अंडी. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ सालीची. उकडली तरी पांढरं काही घट्ट होत नाही, असं ती सांगते, आणि सांगताना तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप बिलकूल नसतो. अंडी बाजारात विकली जायची, घरात मीठ-मिरची यायची. "आम्ही खात होतो तेव्हा कासवं जास्त होती, आता राखतात तर कमी," हे तिचं आवडतं वाक्य. विज्ञान म्हणून ते चूक आहे. शंभर वर्षं सगळ्या किनाऱ्यांवर अंडी काढली गेली, त्याचा परिणाम उशिरा दिसतो, कारण कासवाला वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. पण त्या वाक्यात आणखी एक गोष्ट आहे, जी मला चूक म्हणता येत नाही. तिच्या लहानपणी तेंबावर रात्री अंधार असायचा.

आता नसतो. नव्वदच्या दशकात वनखात्याने गावातल्याच लोकांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. त्याच सुमारास शॅक वाढले, मग हॉटेलं, मग दिवे. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत मांद्रे, मोरजी, आगोंद आणि गालजीबाग हे चार किनारे कासवांच्या विणीच्या जागा म्हणून नावानिशी लिहिलेले आहेत. म्हणजे दिल्लीच्या राजपत्रात आमच्या गावाचं नाव आलं ते कासवामुळे. पिल्लू वाळूतून वर आलं की उजेडाच्या दिशेला जातं. लाखो वर्षं रात्री सगळ्यात उजळ जागा म्हणजे समुद्राचं क्षितिज होतं. आता ती जागा म्हणजे कुणाचा तरी बार. घरट्याभोवती जाळी लावली, फलक लावला, रखवालदार बसवला, तरी दोनशे मीटरवरचा दिवा कोण बंद करणार? आमच्या घरातलीच एक व्यक्ती त्या दिव्याखाली ऑम्लेट-पाव देऊन सीझनचे पैसे कमावते, त्यामुळे हा प्रश्न मी जेवणाच्या टेबलावर विचारत नाही.

माझे अंकल रापणीवर जातात. कधीतरी जाळ्यात कासव येतं. जाळं कापून सोडावं लागतं, आणि जाळं फुकट येत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून अशा कापलेल्या जाळ्यासाठी मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. हे मी अंकलना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी कासवाला सांग, तेरेखोल ओलांडून त्या बाजूला जाऊन अडक." कासवावर त्यांचा राग नाही. आमच्याकडे सगळ्यांना त्याच्याबद्दल एक प्रकारची शरम-मिश्रित माया आहे. पण कासवाची बाजू घेणारे लोक रात्री हॉटेलात झोपतात आणि कासवाचा खर्च किनाऱ्यावरची माणसं भरतात, एवढं त्यांना कळतं.

आता माकुडीकडे.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी जुन्नरला गेलो होतो. जायचं होतं नाणेघाटाला, सातवाहनांचा शिलालेख बघायला. दोन हजार वर्षांपूर्वीची ती प्राकृत अक्षरं मराठीच्या आजीची आजी आहेत, असं सरांनी वर्गात दहा वेळा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी शिवनेरी. शिवजन्मस्थान, शिवाई देवी, सात दरवाजे, फोटो, घोषणा, सगळं यथासांग झालं. उतरताना आमच्याबरोबर असलेल्या तिथल्या एका शिक्षकांनी एका वळणावर थांबवलं, गळ्यातली दुर्बीण काढली आणि कड्याकडे बोट दाखवलं. "ती बघा."

मला आधी काहीच दिसलं नाही. काळा कातळ, वाळत आलेलं गवत, पाण्याचे ओघळ सुकल्याचे डाग. मग खाचेतून खाली लोंबणाऱ्या जाड, हिरवट फांद्या दिसल्या. मग पानं. आणि मग एका फांदीच्या टोकाशी ते फूल. पाच पाकळ्यांची चांदणी, किरमिजी, मधे पिवळसर डाग. दुर्बिणीतून माझं बोट थरथरलं की फूल हरवायचं, पुन्हा शोधावं लागायचं. आमच्यातल्या एकाने विचारलं, "वास कसा आहे?" शिक्षक म्हणाले, "घाण." हे झाड माश्यांना बोलावतं. मध, सुगंध, फुलपाखरू वगैरे कवितेतला कारभार इथे नाही. माशीला सडल्यासारखा वास आवडतो, म्हणून तसा वास.

ही वेल जगात फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवते. शिवनेरी, पुरंदरच्या शेजारचा वज्रगड, आणखी थोड्या जागा. निकोल डाल्झेल नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने, जो मुंबई इलाख्यात जंगलखात्याचा अधिकारी होता आणि ज्याने गिब्सनबरोबर १८६१ साली 'बॉम्बे फ्लोरा' लिहिला, तिला शास्त्रीय नाव दिलं. ते नाव त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून: फ्रेरिया इंडिका. फ्रिअरसाहेबांच्या नावाचा मुंबईतला रस्ता पुढे पी. डिमेलो रोड झाला. फुलाचंही तसंच काहीसं झालं. फ्रेरिया ही स्वतंत्र प्रजाती मानली जायची, जिच्यात जगभरात ही एकच जाती. आता तिला बुसेरोसिया या दुसऱ्या प्रजातीत घालतात. म्हणजे प्रजातीच्या नावातून गव्हर्नर गेला आणि एकुलतेपणही. गावातलं शिवीसारखं नाव तेवढं टिकून आहे.

तिची एक गंमत वनस्पतिशास्त्राच्या लोकांना फार आवडते. तिचे बरेचसे नातलग, आपली माकडशिंगी वगैरे, बिनपानांचे असतात, नुसते मांसल दांडे. हिला मात्र पावसाळ्यात चांगली भरदार पानं येतात आणि उन्हाळ्यात ती टाकून ती दांड्यांवर दिवस काढते. दोन्ही प्रकारे जगायचं तिने सोडलं नाही. ती रुईच्या कुळातली आहे, त्यामुळे शेंग फुटली की बियांना रेशमी केसांचा झुपका असतो आणि वारा नेईल तिकडे त्या जातात. आता विचार करा. उभा कडा, जोराचा वारा, आणि बीला हवी अशीच एखादी मातीने भरलेली खाच, जिथे पाणी थांबणार नाही पण ओल थोडी राहील, जिथे शेळीचं तोंड पोचणार नाही, जिथे वणवा येणार नाही आणि जिथली दरड पुढच्या पावसात कोसळणार नाही. हजारातलं एक कासवाचं पिल्लू मोठं होतं असं आपण टाळ्या वाजवत सांगतो. या बीचा हिशोब कोणी टाळ्या वाजवून सांगत नाही.

त्या दिवशी गडावर शेकडो लोक होते. आम्ही थांबून वर बघतोय म्हणून पाच-सहा जण थांबले. एका काकांनी विचारलं, "माकड आहे का?" मी म्हटलं, "फूल आहे." ते "अच्छा" म्हणाले आणि निघून गेले. मला त्यांचा राग आला नाही. दुर्बीण नसती तर मीही गेलेच असते.

अमेरिकेतल्या वँडरसी आणि शूस्लर या दोन अभ्यासकांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी या सवयीला 'वनस्पती-अंधत्व' असा शब्द दिला. चित्रात सिंह आणि बाभूळ असेल तर आपण सिंह बघतो, बाभूळ म्हणजे सिंहामागचा पडदा. हलणारं, डोळे असलेलं, तोंड असलेलं दिसतं. बाकी सगळं 'हिरवं'. (या शब्दात अंध लोकांचा अपमान होतो म्हणून आता दुसरा शब्द वापरा असं काही जण म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्याला दिसत नाही त्याची चूक नसते. आपल्याला दिसतं आणि आपण बघत नाही.)

आणि ही नुसती बघण्याची सवय राहत नाही, तिचा कायदा होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्री कासवं पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. वनस्पती त्या कायद्यात शिरल्या त्या १९९१ च्या दुरुस्तीने, आणि शिरल्या तेव्हा मोजून सहा: बेडोमचा सायकस, निळा वांडा, लाल वांडा, कुठ, स्लिपर ऑर्किड आणि घटपर्णी. हजारो जातींच्या देशात सहा. त्यातही तीन नावं ऑर्किडची, म्हणजे दिसायला सुंदर आणि विकायला महाग. वास मारणारी माकुडी त्या सहांत नव्हती.

कासवासाठी तर देश एकमेकांशी कोर्टात भांडले आहेत. कोळंबीच्या ट्रॉलरच्या जाळ्याला कासव निसटेल अशी खिडकी नसेल तर ती कोळंबी आम्ही घेणार नाही, असं अमेरिकेने ठरवलं. त्याविरुद्ध भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि १९९८ साली त्याचा निकाल लागला. भारत आणि पाकिस्तान एका बाजूला उभे राहिले, केवढी मोठी गोष्ट, आणि तेसुद्धा कासवाच्या समोरच्या बाजूला. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून घरटी राखली, मग तिथे कासव महोत्सव उभा राहिला, गावातल्या बायकांना घरगुती जेवण-निवासाचं उत्पन्न मिळालं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं. त्या सिनेमात कासव आहे ते एका खचलेल्या मुलाला सावरण्याच्या गोष्टीला समांतर म्हणून. मी दोनदा बघितला, दोन्ही वेळा रडले. माझ्या डोळ्यांतलं मीठ मात्र ग्रंथीचं नव्हतं.

फुलाचा असा सिनेमा होईल? खचलेला मुलगा कड्यावरच्या वेलीकडे बघून सावरेल? मला वाटतं होऊ शकतो, पण प्रोड्यूसर मिळणार नाही.

हे सगळं मी बैठकीत थोडक्यात मांडलं तेव्हा आपल्या संपादकांनी एक मुद्दा काढला, जो खरंच विचार करायला लावणारा आहे. तो म्हणाला, "पण तुझी माकुडी धोक्यात आहे कुठे? मी आत्ता गूगल केलं. युरोपात लोक ती कुंडीत लावतात. फांदी तोडून लावली की येते. कासव असं लावता येईल का?"

खरं आहे. निवडुंग-मांसल झाडांचा छंद असलेल्या लोकांकडे ती जगभर आहे. रोपवाटिकेत करता येते, सोपी आहे. कड्यावर दुर्मीळ आणि खिडकीत सुलभ. मग जंगलातली गेली तर काय बिघडलं?

हा प्रश्न ऐकून मला आधी उत्तर सुचलं नाही. घरी येताना बसमध्ये सुचलं, जसं नेहमी होतं.

फांदी तोडून लावलेलं रोप म्हणजे तेच झाड. त्याची दहा हजार रोपं केली तरी ते एकच झाड दहा हजार कुंड्यांत आहे. कड्यावरचं प्रत्येक बीचं झाड वेगळं असतं. एखादं जास्त ऊन सोसेल, एखादं उशिरा फुलेल, एखादं नव्या रोगाला पुरून उरेल. कुंडीत माशी नाही, वारा नाही, खाच नाही, दरड नाही. कुंडीत तिचं काहीच पणाला लागत नाही. तिची फांदी जगते, आणि कड्याशी तिने हजारो वर्षं जो व्यवहार केला तो मात्र बंद पडतो.

आणि मग लक्षात आलं की कासवाचंही आपण तेच करतोय. हॅचरी म्हणजे कुंडीच की. अंडी काढायची, जाळीच्या आत नेऊन पुरायची, पिल्लं निघाली की टोपलीतून नेऊन सोडायची, टाळ्या, फोटो. आता ते आवश्यक आहे, मी नाही म्हणत नाही. कुत्रे आहेत, भरती आहे, माणसं आहेत. पण कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं: वाळू जास्त गरम तर माद्या, कमी गरम तर नर. म्हणजे अंडी कुठे पुरली, सावली किती, वाळू कसली, यावर पुढच्या पिढीतले नवरा-नवरी ठरणार. शिवाय मोठी झालेली मादी जिथे जन्मली त्याच टापूत अंडी घालायला परत येते असं मानतात. ती पंधरा वर्षांनी येईल तेव्हा तेंबावर काय असेल? हॅचरीतून आपण पिल्लं पाठवत राहू शकतो. परत यायला किनारा लागतो, आणि तो हॅचरीत तयार होत नाही.

म्हणून मला आता कासव विरुद्ध फूल ही तुलनाच चुकीची वाटते, निदान मी ज्या हट्टाने मांडली होती तशी. दोघांनाही आपण एकाच पद्धतीने वाचवतोय: जीव उचलायचा, जागा सोडून द्यायची. फरक इतकाच की कासवाच्या जागेचं निदान नाटक तरी होतं, राजपत्रात नाव येतं, रखवालदार बसतो. झाडाची जागा म्हणजे नुसता रिकामा कातळ.

लहानपणी संडे स्कूलमध्ये नोहाच्या तारवाचं चित्र रंगवायला द्यायचे. जिराफ, हत्ती, कबुतरं, आणि माझ्या चित्रात एक कासवसुद्धा, ज्याला पुरात तारवाची काय गरज होती देव जाणे. झाड एकही नाही. उत्पत्तीचं पुस्तक पुन्हा वाचलं तर नोहाला प्राणी घ्यायला सांगितलंय आणि खायला धान्य-बिन्य घ्यायला सांगितलंय. झाडं वाचवायला सांगितलेलीच नाहीत. आणि पूर ओसरला हे कळलं कशावरून? कबुतर चोचीत जैतुनाचं ताजं पान घेऊन आलं त्यावरून. म्हणजे तारवाबाहेर, बुडालेल्या डोंगरावर, कोणी न वाचवता ते झाड आपल्या जागी उभं होतं. पहिली हॅचरी लाकडाची होती आणि तिच्यातून बाहेर पडायची परवानगी एका पानाने दिली. (ऑलिव्ह रिडलेच्या नावातलं ऑलिव्ह म्हणजेही हाच जैतून, पाठीच्या रंगावरून. या योगायोगाचा मी परीक्षेत कुठेतरी वापर करणार आहे, तुम्ही करू नका.)

पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात एक जागा आहे: सस्तन प्राणी आणि पक्षी नाहीसे झाले की आपल्याला अस्वस्थ वाटतं कारण ते दिसतात, पण बुरशी, शेवाळ, किडे, सरपटणारे प्राणी यांच्यावाचूनही काही चालत नाही, अशा अर्थाची. त्या न दिसणाऱ्यांच्या यादीत सरपटणारे प्राणी आहेत! म्हणजे कासव, जे इथे व्हीआयपी आहे, ते तिथे बुरशीच्या शेजारी बसलंय. हे वाचून मला फार बरं वाटलं. दिसणं आणि न दिसणं हे कायमचं नसतं. शामायच्या लहानपणी कासवही दिसत नव्हतं, अंडी दिसत होती.

मग कड्यावरची वेलही दिसायला लागेल का? त्यासाठी जुन्नरपर्यंत जायला नको. आमच्या पेडण्यातच सडे आहेत, चिऱ्याच्या दगडाचे सपाट माळ. मे महिन्यात त्यावर उभं राहिलात तर चप्पल वितळेल. सरकारी कागदात अशा जमिनीला पडीक म्हणतात. जुलैत जा. गेंदाची पांढरी बटणं, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे, आणि काही झाडं अशी जी या कोकण-गोव्याच्या कातळाशिवाय दुसरीकडे कुठेच होत नाहीत. (सीतेची आसवं हे इतकं करुण नाव असलेलं रोप प्रत्यक्षात बारीक जीव पकडून खातं. कासवाचे अश्रू आणि सीतेची आसवं, दोन्हींच्या बाबतीत आपण फसलोय.) मोपाचा विमानतळ अशाच एका पठारावर झाला. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची पर्यावरण परवानगी स्थगित ठेवली, कारण अर्जात तिथल्या परिसराची माहिती नीट दिलेलीच नव्हती. २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठली. आता विमानं उतरतात. माझा भाऊ त्यातल्याच एका विमानाने आखातात गेला, आणि आम्ही सगळे त्याला सोडायला गेलो होतो, त्यामुळे इथेही माझे हात स्वच्छ नाहीत. पण त्या अर्जात काय लिहायचं राहून गेलं हे मला आता माहीत आहे. जुलै महिना लिहायचा राहिला होता.

माझं म्हणणं इतकंच की कासवाच्या नावावर जे पैसे, जे लक्ष, जी माया आपण गोळा करतो, ती कासवापाशी थांबू देऊ नये. किनारा राखायचा तर वाळूवर पसरणारी समुद्रवेल आणि तिच्यामागचं केवड्याचं बेट राखावं लागतं, कारण तेच वाळू धरून ठेवतात. शॅक बांधताना सगळ्यात आधी तेच साफ होतं आणि त्याबद्दल अजून तरी कोणाला दंड झाल्याचं मी ऐकलेलं नाही. कासवाला वाचवायला निघालेला माणूस शेवटी एका वेलीपाशी येतो. त्याने तिला ओलांडून पुढे जाऊ नये.

मुखपृष्ठावर कासव आहे ते ठीक आहे. मी फक्त एवढी विनंती केली होती की आतल्या पानावर माकुडी द्यावी, आणि नाव पूर्ण छापावं, शिंदळसकट. संपादकांनी ते मान्य केलंय, हे पान उलटताना दिसेलच.

एक सांगायचं राहिलं. जुन्नरहून परतताना पुण्यात एका मैत्रिणीच्या मावशीच्या गच्चीवर उतरलो होतो. त्यांना अशा झाडांचा छंद. रोपवाटिकेतून आणलेली माकुडी त्यांच्याकडे तीन कुंड्यांत होती, त्यातली एक फांदी त्यांनी मला दिली. कुंडीची बाजू मी बैठकीत इतकी खोडून काढली आणि घरी मीच कुंडी लावली, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या बाल्कांवावर ठेवली होती. उन्हाळाभर छान राहिली. जूनमध्ये मी परीक्षेसाठी आठ दिवस मैत्रिणीकडे होते. परत आले तर फांदी बुडाशी काळी पडून मऊ झालेली. बाहेर मोरजीचा पाऊस, हवेत मीठ, आणि कुंडीत वरपर्यंत पाणी.

शामायला विचारलं, पावसात हिला पाणी कोणी घातलं?

"मीच," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आणलीस, सुकली असती तर?"